वाचक विचारतात : कॅश साफ करू की कॅशे?

संगणकातल्या शब्दांचे उच्चार या एकाच विषयावर इतकी पत्रं साठली, की या खेपेला दुसरा विषय घेतलाच नाही. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरं देताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या : नाव ठेवणाऱ्याने कोणता उच्चार सांगितला, आणि समोरच्या माणसाच्या कानाला नेमकं काय लागेल. बेळगाव भागात समोरचा माणूस बहुधा दोन भाषांच्या कानांनी ऐकतो. त्यामुळे दुसऱ्या गोष्टीने जास्त जागा खाल्ली आहे.

माझ्या वर्गात निम्मी मुलं मराठी माध्यमातली, निम्मी कन्नड माध्यमातली. एक गट ‘बॅकअप’, ‘टॅब’, ‘ॲप’ म्हणतो, दुसरा ‘ब्याकप’, ‘ट्याब’, ‘आप’. मग हसाहशी सुरू होते. कुणाला दुरुस्त करू?
– संगणक शिक्षिका, खानापूर

‘ब्याकप’ला हसणाऱ्या मराठी मुलाला फळ्यापाशी बोलवा. चाचणी या अर्थाचा ‘टेस्ट’ लिहायला सांगा, मग चव या अर्थाचा. तो दोन्ही वेळा एकच शब्द लिहील आणि वाचेलही एकसारखाच. कन्नड मुलगी मात्र दोन वेगळे शब्द लिहील, कारण कन्नडात ऱ्हस्व ‘ए’ आणि दीर्घ ‘ए’ यांना स्वतंत्र अक्षरं आहेत. ‘ओ’चंही तसंच. आपल्याकडे दोन्हींना एकच मात्रा. म्हणून एक्सेलमधली चौकट तीही ‘सेल’ आणि दुकानातली विक्री तीही ‘सेल’. विक्रीचा तक्ता शिकवताना ‘सेलच्या सेलमध्ये आकडा भरा’ असं वाक्य तोंडून गेलं असेल, तर गोंधळ मराठी बाजूने झाला आहे.

आता उलट बाजू. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ मराठीने चंद्र काढून आपलेसे केले. कन्नड लेखनात त्यासाठी असं वेगळं, सर्वत्र रुळलेलं अक्षर नाही. ‘ॲ’साठी य जोडून ‘ब्यांक’, ‘ट्याब’ लिहितात आणि ‘ऑ’साठी सरळ ‘आ’ वापरतात : ‘आफीस’, ‘कालेजु’. मूल जसं लिहिलेलं पाहतं तसं बोलतं. यात अडाणीपणा कुणाचाच नाही, लिपी आपापली आहे.

तेव्हा दुरुस्ती फक्त अर्थ बदलतो तिथेच करा. ‘ट्याब’ने काही बिघडत नाही. ‘कापी’ने बिघडू शकतं, कारण तो उच्चार फाइलच्या नकलेचाही आहे आणि पेल्यातल्या कॉफीचाही. मराठी मुलांना ‘टेस्ट’, ‘सेल’ आणि ‘वेट’ हे तीन शब्द वाक्यात घालून बोलायला लावा, नुसते नकोत. शेवटचा ओला या अर्थाचाही आहे आणि थांबा या अर्थाचाही.

तोंडी मजकूर घालताना आणखी दोन ठिकाणी घसरायला होतं. कन्नड वळणात परक्या शब्दाच्या शेवटी ‘उ’ लागतो : ‘फाइलु’, ‘फोल्डरु’, ‘बस्सु’. फाइलचं नाव सांगताना हा ‘उ’ ऐकून एखादं मूल शेवटी ‘यू’ टाइप करतं आणि मग फाइल सापडत नाही. उपाय सोपा आहे : नाव सांगून झालं की अक्षरांची संख्याही सांगा. दुसरं म्हणजे सुरुवातीचा ‘ए’. ‘येक्सेल’, ‘येम’, ‘येन’ असं ऐकू आलं, तर शब्दाच्या सुरुवातीला ‘वाय’ नाही हे एकदा फळ्यावर दाखवून ठेवा. एच या अक्षराला कन्नडात ‘हेच’ म्हणतात, तेही मराठी मुलांना आधीच सांगितलेलं बरं.

मराठी मुलांचा एक खास घोटाळा ‘जावा’त होतो. आपल्या ‘ज’चे दोन उच्चार आहेत, जगातला आणि जेवणातला. नुसता ‘जावा’ असा छापील शब्द समोर आला की काही जण जगातला ‘ज’ लावतात, आणि १९९५ साली आलेली प्रोग्रॅमिंगची भाषा एका घरात नांदणाऱ्या दोन भावांच्या बायका होऊन बसते. इथे ‘ज’ जेवणातला.

भिंतीवर एक तक्ता लावा : चाळीसेक शब्द आणि तीन रकाने, म्हणजे रोमन, देवनागरी, कन्नड. मुलं एकमेकांचा रकाना वाचायला लागली की हसणं आपोआप कमी होतं.

सॉफ्टवेअर कंपनीच्या मदतकेंद्राने फोनवर ‘आधी कॅश क्लिअर करा’ असं सांगितलं. आमच्या रोखपालांनी तिजोरीकडे पाहिलं. मुळात हा शब्द कॅश की कॅशे? आणि क्लिअर करताना नेमकं काय पुसायचं?
– पतसंस्थेतील कर्मचारी, निपाणी

इंग्रजीत रोकड आणि संगणकातली साठवण या दोन्हींचा उच्चार एकच, ‘कॅश’. साठवणीचा शब्द फ्रेंचमधल्या ‘लपवणे’ या क्रियापदावरून आला. संगणकाच्या जगात तो रुळला १९६८च्या सुमारास, आयबीएमच्या सिस्टिम ३६० मॉडेल ८५ या यंत्रामुळे. मुख्य स्मृतीच्या पुढ्यात ठेवलेल्या छोट्या, वेगवान स्मृतीला ‘कॅश’ म्हटलं गेलं. ‘कॅशे’ असा उच्चार असलेला इंग्रजी शब्द वेगळा आहे, त्याचा अर्थ प्रतिष्ठा. ‘कॅचे’ हा निव्वळ स्पेलिंग वाचण्याचा प्रकार.

पण हे शब्दकोशाचं झालं. जिथे दिवसभर रोकड मोजली जाते तिथे शब्दकोश धरून बसण्यात अर्थ नाही. पतसंस्थेत आमचं मत ‘कॅशे’च्या बाजूने आहे, किंवा सरळ ‘ब्राउझरची साठवण’ म्हणा. फक्त एकदा ठरवा आणि सगळ्यांनी तेच म्हणा.

पुसण्याआधी कंट्रोल धरून एफ-५ दाबून पाहा. पान जुनं दिसत असेल, तर पुष्कळदा एवढ्यानेच नवं उतरतं. तरी सुटलं नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबा. चौकट उघडेल. कालावधीत ‘सर्व काळ’ निवडा आणि साठवलेली चित्रं व फाइली एवढ्याच ओळीवर खूण ठेवा. इतिहास, कुकीज आणि पासवर्ड यांवरच्या खुणा काढा. सगळीकडे खूण ठेवून बटण दाबणं ही नेहमीची चूक. कुकीज गेल्या की सगळीकडून लॉगआउट होतं, पुन्हा ओटीपी मागितला जातो आणि काउंटरवर रांग वाढत जाते. पासवर्ड गेले तर विचारूच नका. हे काम काउंटर बंद झाल्यावर करा.

आमच्याकडे सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या कापकामाच्या मशीनवर, प्रोग्रॅममधले छोटे बदल फोनवर सांगितले जातात. ऑफिसातले साहेब कन्नड, मशीनवरची पोरं मराठी. चुका होतात, जॉब (घडवायचे भाग) स्क्रॅप जातात. शिवाय कंट्रोलरला कुणी ‘फानुक’ म्हणतं, कुणी ‘फॅनक’.
– शॉप सुपरवायझर, उद्यमबाग

नावाचं आधी उरकू. ते ‘फुजी ऑटोमॅटिक न्यूमेरिकल कंट्रोल’चं लघुरूप आहे आणि जपानी लोक साधारण ‘फानाक्कु’ म्हणतात. ‘फॅनक’ त्याच्या जवळचं. ‘फानुक’ म्हटल्याने एकही जॉब स्क्रॅप जात नाही, तेव्हा त्यावर भांडू नका. भांडायचंच तर शून्यावरून भांडा.

फॅनकमध्ये प्रोग्रॅमचा क्रमांक ‘ओ’ या अक्षराने सुरू होतो आणि पुढे चार आकडे येतात. इंग्रजी बोलताना शून्यालाही ‘ओ’ म्हणायची सवय असते. ‘ओ ओ वन ओ फाइव्ह’ असं ऐकणाऱ्याने यातला पहिलाच ओ अक्षराचा आहे हे ओळखायचं कसं? दुकानात नियम करा : आकडा असेल तर ‘झीरो’, अक्षर असेल तरच ‘ओ’. मराठीत ‘शून्य’ आणि कन्नडात ‘सोन्ने’ हे दोन्ही चालतील, ‘ओ’शी त्यांची गल्लत होत नाही.

दुसरी जोडी एम आणि एनची. ‘एम झीरो थ्री’ने स्पिंडल, म्हणजे मशीनचा फिरता दांडा, सरळ फिरायला लागतो. ‘एन झीरो थ्री’ हा नुसता ओळीचा क्रमांक, त्याने काहीच सुरू होत नाही. एमच्या जागी एन टाइप झाला, तर स्पिंडल थांबलेला असतानाच टूल जॉबमध्ये शिरतं. जी-झीरो आणि जी-वनचंही तेच. पहिल्यात टूल पूर्ण वेगाने धावतं, दुसऱ्यात दिलेल्या फीडने, म्हणजे ठरवलेल्या गतीने, कापतं. जी-वनऐवजी जी-झीरो गेला की टूल जॉबवर आदळतं.

फोनवरच इतकं का चुकतं? साध्या फोनच्या आवाजात सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा जातो. एस आणि एफ यांच्यातला फरक बराचसा त्याच्या वरच्या भागात असतो, तो कापला जातो. बी, डी, ई, जी, पी, टी, व्ही ही अक्षरं तर सगळी ‘ई’वरच संपतात, मशीनच्या आवाजात फक्त तो ‘ई’ उरतो. म्हणून अक्षराला गावाचं नाव लावा : ए अथणीचा, बी बेळगावचा, डी धारवाडचा, जी गोकाकचा, एच हुक्केरीचा, के खानापूरचा, एल लोंढ्याचा, एम मच्छेचा, एन निपाणीचा, आर रायबागचा, टी टिळकवाडीचा, व्ही विजयपूरचा, वाय येळ्ळूरचा. एफला फाउंड्री आहेच. एक्सला एक्स-रे आणि झेडला झेब्रा ठेवा, त्यांच्यासाठी गाव शोधत बसू नका.

गावं निवडताना मात्र दोन खड्डे आहेत. वडगाव घेऊ नका, त्याचं स्पेलिंग व्हीनेही होतं आणि डब्ल्यूनेही. कॅसल रॉकही नको. ते सीने सुरू होतं खरं, पण ऐकणारा के लिहितो. सीसाठी चिकोडी बरी. अमेरिकन व्हिडिओ पाहून कुणी झेडला ‘झी’ म्हणत असेल तर ते बंद करा, मशीनच्या आवाजात त्याचा जी होतो.

आकडे एकेक करून सांगा. ‘सात’ आणि ‘साठ’ यांत फोनवर फरक राहत नाही. एकोणसाठ-एकोणसत्तरला तर मराठी माणूसही अडखळतो, कन्नड साहेबांना कशाला कोड्यात टाकायचं? ‘पाच नऊ’ किंवा ‘फाइव्ह नाइन’ म्हणा.

आणि दशांश चिन्ह. ‘एक्स पन्नास’ असं सांगितलं आणि पोराने टिंब न देता ५० टाइप केलं, तर सेटिंगप्रमाणे पुष्कळ मशीनवर त्याचा अर्थ ५० मायक्रॉन, म्हणजे ०.०५० मिलिमीटर असा लागतो. तेव्हा ‘एक्स फाइव्ह झीरो पॉइंट’ असं टिंबासकट म्हणायचं. ते शेवटी असलं तरी.

ऐकणाऱ्याने पूर्ण ओळ परत म्हणून दाखवल्याशिवाय फोन ठेवू नये. मग ग्राफवर टूलचा मार्ग बघा, झेड वर उचलून, रॅपिडचा (जी-झीरोचा) वेग कमी करून, सिंगल ब्लॉकवर, म्हणजे एकेक ओळ थांबवत, एकदा कोरडं चालवा. खरं सांगायचं तर तीन ओळींहून जास्त बदल असेल, तर तो फोनवर सांगूच नये. फाइल पाठवावी, निदान लिहून फोटो.

मुलाखतीत एस-क्यू-एल म्हणावं की सीक्वेल? आणि चार की कॅर?
– अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, बेळगाव

१९७०च्या दशकात आयबीएममध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी साठवलेल्या माहितीतून हवं ते काढायची ही भाषा घडवली तेव्हा तिचं नाव खरोखरच ‘सीक्वेल’ होतं आणि स्पेलिंगही तसंच. पण तो ट्रेडमार्क ब्रिटनच्या हॉकर सिडली या विमान कंपनीकडे असल्याने स्वर गळाले आणि तीन अक्षरं उरली. म्हणजे ‘सीक्वेल’ म्हणणारे जुनं नाव जपताहेत, ‘एस-क्यू-एल’ म्हणणारे लिहिलेलं वाचताहेत. मुलाखत घेणारा जे म्हणेल ते म्हणा. तो बोलायच्या आधी तुम्हालाच बोलावं लागलं तर ‘एस-क्यू-एल’ म्हणा, ते कुणालाच खटकत नाही.

यातून निघालेल्या नावांचं मात्र एकेकट्याचं वेगळं आहे. माय-एस-क्यू-एलच्या माहितीपुस्तकात अक्षरं सुटी म्हणावीत असं लिहिलंय, ‘माय सीक्वेल’ म्हटलं तरी आमची हरकत नाही अशी पुस्तीही जोडली आहे. त्यातलं ‘माय’ म्हणजे ‘माझं’ नव्हे, कर्त्यांपैकी एकाच्या मुलीचं नाव आहे ते. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला बहुतेक ‘सीक्वेल सर्व्हर’ म्हणतात. पोस्टग्रेसचा ‘पोस्टग्रेस-क्यू-एल’. शेवटचं एस-क्यू-एल-आइट. त्याचे कर्ते रिचर्ड हिप एखाद्या खनिजासारखं म्हणतात, ग्रॅनाइट किंवा बॉक्साइटच्या चालीवर. ॲल्युमिना कारखान्याच्या गावात हे लक्षात ठेवायला अवघड नाही. ‘एस-क्यू-लाइट’ही सर्रास ऐकू येतं.

आता ‘चार’, म्हणजे प्रोग्रॅममध्ये अक्षरांसाठी असलेला माहितीचा प्रकार. सी-प्लस-प्लसचे कर्ते ब्यार्न स्ट्रॉस्ट्रुप यांनी स्पष्ट लिहून ठेवलंय की सहसा ‘चार’ म्हणतात, ‘कार’ नव्हे. ‘कॅरेक्टर’वरून आलेल्या शब्दाला ‘चार’ म्हणणं तर्काला धरून नाही हे ते मान्य करतात, आणि इंग्रजीवर तर्कशुद्धतेचा आरोप कुणी केलेला नाही असंही वर सांगतात. पण मराठीत ‘चार’ हा आकडा आहे. दहा अक्षरांच्या रकान्याला ‘चार दहा’ म्हटलं की शेजारी बसलेली मैत्रीण चारशे दहा लिहिते. आपसात बोलताना ‘कॅर दहा’ किंवा ‘व्हारकॅर वीस’ म्हणा, मुलाखतीत ‘चार’. दोन्ही उच्चार जगभर चालतात, लपवण्यासारखं काही नाही.

‘टपल’ आणि ‘ट्यूपल’ दोन्ही चालतात. ‘स्कीमा’चा ‘शेमा’ करू नका.

लग्नपत्रिकेसाठी गिऱ्हाइकं मोबाइलवरून चित्रं पाठवतात. जिफ की गिफ यावर आमच्या दुकानात दोन पार्ट्या आहेत.
– छपाई व्यावसायिक, चिकोडी

१९८७ साली कॉम्प्युसर्व्ह कंपनीत चित्राच्या फाइलचा हा प्रकार तयार करणाऱ्या चमूचे प्रमुख स्टीव्ह विल्हाइट. ते शेवटपर्यंत ‘जिफ’च म्हणत राहिले. २०१३ साली वेबी पुरस्कार घेताना त्यांनी भाषण केलंच नाही, ‘जिफ म्हणायचं, गिफ नाही’ एवढंच पडद्यावर झळकवलं. तरी निम्मं जग ‘गिफ’ म्हणतं आणि शब्दकोश दोन्ही देतात. ‘ग्राफिक्समधला ग आहे म्हणून गिफ’ हा दावा मात्र लंगडा आहे. त्याच न्यायाने जेपेगमधला पी ‘फोटोग्राफिक’चा, म्हणून ‘जेफेग’ म्हणावं लागेल. पीएनजी बनवणाऱ्यांनी तर आपल्या दस्तऐवजात ‘पिंग’ म्हणा असं लिहून ठेवलंय, आणि कुणीही म्हणत नाही. एवढीच चालते कर्त्याची सत्ता.

तुमच्या धंद्याला उच्चारापेक्षा जिफमध्ये जास्तीत जास्त २५६ रंगच असतात हे कळणं महत्त्वाचं. गणपतीच्या चित्रात रंगांच्या पायऱ्या दिसायला लागतात त्या त्यामुळे. छपाईला ते घेऊच नका. पीएनजीत तपशील जात नाहीत आणि पार्श्वभूमी पारदर्शक ठेवता येते, पण त्यात छपाईचे चार रंग नसतात, ते तुम्हाला पालटून घ्यावे लागतात. जेपेग पुन्हा पुन्हा सेव्ह केला की दर वेळी झिजतो. गिऱ्हाइकाला सांगा : चित्र फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मेसेजिंग ॲप फोटो आकसून टाकतं. पत्रिकेच्या पूर्ण आकाराला ३०० डीपीआय भरत नसेल तर मूळ चित्र मागा.

शाओमी, ह्वावे, एसूस, अडोबी. बरोबर काय?
– मोबाइल विक्रेते, संकेश्वर

तुम्ही लिहिलेलंच बरोबर. ‘शाओमी’ म्हणजे चिनी भाषेत राळे, आपल्या शिवारात व्हायचे ते, कन्नडातले ‘नवणे’. एसूस हे पंख असलेल्या ‘पेगासस’ घोड्याच्या नावाची शेवटची चार अक्षरं घेऊन केलेलं. अडोबी हे कंपनीच्या एका संस्थापकाच्या घरामागून वाहणाऱ्या ओढ्याचं नाव, म्हणून शेवटचा ‘ई’ म्हणायचा. गिऱ्हाईक ‘झिओमी’ म्हणालं तर झिओमीच विका, दुरुस्त कशाला करता?

शाळेच्या लॅबमध्ये उबुंटू ही लिनक्सवर आधारलेली संगणकप्रणाली घातलीय. सर ‘युबंटू’ आणि ‘लायनक्स’ म्हणतात, पोरं ‘लिनक्स’.
– प्रयोगशाळा साहाय्यक, हुक्केरी

पोरं बरोबर आहेत. लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतःच्या आवाजात ‘लिनुक्स’ असा उच्चार ध्वनिमुद्रित करून ठेवलेला आहे. ‘लायनक्स’ हा ‘लायनस’ या इंग्रजी वाचनातून आलेला प्रकार. उबुंटू हा दक्षिण आफ्रिकेतल्या भाषांमधला शब्द, त्यातले तिन्ही ‘उ’ देवनागरीत लिहितो तसेच म्हणायचे. इथे मराठी आणि कन्नड दोघांनाही इंग्रजीवाल्यांपेक्षा सोपं जातं.

सॉफ्टवेअरची बाकीची नावं झटपट : ग्नू एका दमात, ग न सोडता. डेबियनमध्ये डेब्रा आणि इयन ही दोन नावं आहेत. एन्जिनएक्स म्हणजे ‘इंजिन एक्स’. जँगोतला पहिला डी मुका. क्यूटी म्हणजे ‘क्यूट’. कुबर्नेटीस ग्रीक आहे, अर्थ सुकाणू धरणारा. टेख या अक्षरजुळणीच्या प्रणालीतलं शेवटचं अक्षर ग्रीक ‘ख’सारखं घशातून काढावं, अशी कर्ते डोनाल्ड क्नूथ यांची इच्छा. लाटेक, लेटेक दोन्ही चालतं. पण शोधताना नुसतं ‘लेटेक्स’ टाकलंत तर हातमोजे आणि गाद्या निघतील, सोबत ‘डॉक्युमेंट’ जोडा.

लिनक्समध्ये प्रमुखाचे अधिकार घेऊन काम करवणारी आज्ञा सूडू की सूडो, यावर आम्ही पडत नाही. सूड घेतल्यासारखा तो वापरू नका म्हणजे झालं : आधी साधी आज्ञा चालते का पाहा, नाहीच चालली तर सूडू लावा.

दृष्टिहीन मुलांना एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, शिकवतो. गावांची नावं आणि तांत्रिक शब्द यंत्र भलतंच वाचतं. ते सुधारता येतं का?
– स्वयंसेवक, टिळकवाडी

येतं, आणि फुकट येतं. एनव्हीडीएची कळ म्हणजे इन्सर्ट, किंवा तशी ठरवली असेल तर कॅप्स लॉक. ती धरून एन दाबा, मेनू उघडेल. त्यात प्राधान्यक्रम म्हणजे प्रेफरन्सेस, मग स्पीच डिक्शनरीज, मग डीफॉल्ट डिक्शनरी, आणि ‘ॲड’. पहिल्या रकान्यात यंत्राला दिसणारा शब्द, दुसऱ्यात कसा वाचायचा तो, तिसऱ्यात तुमची टीप. खाली प्रकार निवडायचा असतो, इथेच चुकतं. ‘कुठेही’ असा प्रकार ठेवून ‘चार’ची नोंद केलीत, तर तेच स्पेलिंग असलेला ‘चार्ज’मधला तुकडाही बदलतो. ‘संपूर्ण शब्द’ निवडा.

इंग्रजी आवाज लावलेला असेल, तर दुसऱ्या रकान्यातही रोमन अक्षरंच हवीत, फक्त आवाजाला सोयीच्या स्पेलिंगने, स्वर तोडून, मध्ये जागा सोडून. दोन-तीन स्पेलिंगं ऐकून पाहावी लागतात. इंग्रजी आवाजाकडे ‘ळ’ नाहीच, त्यामुळे बेळगाव आणि येळ्ळूर कितीही खटपट केली तरी ‘ल’नेच वाचलं जाईल. मराठी मजकुरासाठी ई-स्पीक एनजीचा मराठी आवाज लावा, कन्नडचाही त्यात आहे. भाषा आपोआप बदलण्याची खूण चालू ठेवा.

प्रोग्रॅमिंग शिकवताना मात्र विरामचिन्हं ऐकू यायलाच हवीत. एनव्हीडीएची कळ धरून पी दाबत गेलात की चिन्हं वाचण्याची पातळी बदलते. ‘सर्व’वर आणा. नाहीतर कंस आणि अर्धविराम गाळून वाचलं जातं, आणि प्रोग्रॅम का चालत नाही हे मुलाला कळायला मार्ग राहत नाही. चिन्हाचं नाव बदलायचं असेल तर त्याच प्रेफरन्सेसमध्ये चिन्हांच्या उच्चाराची वेगळी खिडकी आहे. @ या चिन्हासाठी भारतात रूढ असलेलं ‘ॲट द रेट’ तिथे भरा. परदेशी धड्यांत नुसतं ‘ॲट’ म्हणतात, तेही मुलांना सांगा. ‘ॲट द रेट’ ऐकून पूर्ण तीन शब्द टाइप केलेले ईमेल पत्ते सापडतात.

आमच्या वाचनालयाच्या यादीत ‘ॲप’ शोधलं तर निम्म्या नोंदी येतच नाहीत. उच्चार एकच, अक्षर एकच, मग असं का?
– ग्रंथपाल, खानापूर

अक्षर एकच दिसतं, आत तीन प्रकारचं असू शकतं. ‘ॲ’साठी स्वतंत्र सांकेतिक क्रमांक युनिकोडच्या, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, ५.१ आवृत्तीत, २००८ साली मिळाला. त्याआधीची, आणि काही कळफलकांवरची आजचीही, नोंद ‘अ’वर वेगळा चंद्र ठेवून होते. काही ठिकाणी मध्ये न दिसणारं जोडचिन्हही असतं. संगणक या तिघांना एक मानत नाही.

तपासायचं असं : शब्दातल्या त्या अक्षरानंतर कर्सर ठेवा आणि बॅकस्पेस एकदाच दाबा. पूर्ण अक्षर गेलं तर ते नव्या पद्धतीचं. नुसता चंद्र उडून ‘अ’ उरला तर जुन्या. मग यादीची एक प्रत बाजूला ठेवा, जुन्या पद्धतीचं अक्षर यादीतूनच उचलून ‘शोधा आणि बदला’च्या पहिल्या चौकटीत चिकटवा, दुसऱ्या चौकटीत नवं घाला आणि सगळीकडे बदला. जोडचिन्हवाला प्रकार त्यातून सुटतो, तो उचलून तीच क्रिया आणखी एकदा करा. नोंदी करणाऱ्या सगळ्यांच्या संगणकांवर एकच कळफलक ठेवा, नाहीतर महिन्याभरात यादी पुन्हा फुटेल.